गवळणबाईंचे हात

बोलायला सुरुवात करण्याआधी गयाबाई हात दाखवायच्या. आधी तळवे, मग हात उलटे करून पाठ. रेशनच्या दुकानात असोत, तलाठ्यापुढं असोत, की लेकीच्या शाळेत गुरुजींपुढं असोत, दोन्ही हात पुढं यायचे आणि मगच तोंड उघडायचं. परक्या माणसाला वाटायचं, बाई काहीतरी मागते आहे. त्या काही मागत नसायच्या. ही सवय त्यांना जन्मापासूनची नव्हती. ती मी लावली.

आज लिहिताना मी त्यांना अहो-जाहो करतो आहे. तेव्हा करत नव्हतो. त्या माझ्या आईच्या वयाच्या आणि मी बावीस वर्षांचा. तरी मी म्हणायचो, 'गया, बाजूला हो', आणि त्या मला म्हणायच्या, 'दादा, तुमी.' जळकोटपासून दोन कोसांवरचं आमचं गाव. तिथं बौद्धवाड्यातल्या माणसाला तुम्ही म्हणायला आमच्या कुणाचीच जीभ वळत नसे. 'गवळणबाई' हे नावसुद्धा गावानं चेष्टेनं ठेवलेलं. बौद्धवाड्यातल्या बाईनं म्हैस पाळली, दूध काढायला लागली, याचंच गावाला हसू. गयाबाईंनी मात्र ते नाव मनावर घेतलं नाही. कुणी हाक मारली, 'काय गवळणबाई?' की त्या म्हणायच्या, 'हाय की. म्हस हाय म्हंजी गवळनच की म्या.'

ती म्हैस त्यांना मिळाली ती बहात्तरच्या दुष्काळात. नवरा आधीच वारला होता. पाच-सहा वर्षांची विमल तेवढी पदरात. गयाबाई रस्त्याच्या कामावर खडी फोडत होत्या. चारा संपल्यावर लोकांनी जनावरांची दावी सोडून दिली होती. अशीच एक वगार खदानीजवळ येऊन बसली. नुसती हाडं आणि कातडं. उठायची ताकद नव्हती. कामावर खायला सुकडी मिळायची. आपल्या वाट्यातली सुकडी पाण्यात कालवून गयाबाई त्या वगारीच्या तोंडात घालायला लागल्या. बायका म्हणाल्या, 'पोरीला घाल, जनावराला काय घालतीस?' त्यावर त्या म्हणाल्या, 'दोघीत पुरत न्हाय ते तिघीत बी पुरनार न्हाय. मंग तिसरी आली तर काय बिघडलं?' वगार जगली. दुष्काळ सरला, पाऊसपाणी झालं, आणि चार-पाच वर्षांनी ती म्हैस होऊन व्याली.

गयाबाई धार काढायच्या ते बघण्यासारखं असायचं, असं लोक सांगायचे. लोक सांगायचे म्हणतो, कारण मी त्यांच्या दारात कधी गेलो नाही. ती म्हैस दुसऱ्या कुणालाही कासेला हात लावू द्यायची नाही. गयाबाई म्हणायच्या, 'म्हशीला जात कळत न्हाय, हात कळतो.' हे वाक्य त्यांनी माझ्यासमोर, डेअरीच्या ओट्याखाली उभं राहून म्हटलेलं मी ऐकलं आहे.

डेअरी म्हणजे आमच्या गावची दूध संस्था. चावडीशेजारच्या खोलीत ती त्याच सुमारास सुरू झाली. गावातले सगळ्यात मोठे बागायतदार तिचे चेअरमन झाले. त्यांना आम्ही सगळे आबा म्हणायचो. मी मॅट्रिक पास, म्हणून मला दूध तपासायला आणि मापायला ठेवलं. उद्घाटनाच्या दिवशी आबांनी भाषण केलं की, ही संस्था दूध घालणाऱ्या प्रत्येकाची आहे, इथं लहान-मोठा कुणी नाही. टाळ्या झाल्या. गर्दीच्या कडेला बसून गयाबाईंनी ते ऐकलं, आणि ऐकलं ते खरं मानलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या राखेनं घासून लखलखीत केलेली चरवी घेऊन आल्या. रांगेच्या शेवटी, चार हात अंतर सोडून उभ्या राहिल्या. त्यांची पाळी आली. मी दुधात लॅक्टोमीटर सोडला. इतकं चांगलं दूध त्या सकाळी दुसऱ्या कुणाचं नव्हतं. मी माप उचललं आणि आबांकडं बघितलं. आबांनी मला आतल्या बाजूला बोलावलं.

'घिऊ नको,' ते म्हणाले.

'दूध चांगलंय, आबा.'

'चांगलंच असंल. पन हिचं एकदा कॅनात पडलं की उद्याच्याला निम्मी रांग दिसनार न्हाय. तसं तोंडानं म्हनू नको, कायदा हाय. तू शिकल्याला हायस, काढ कायतरी.'

मी बाहेर आलो. गयाबाई दोन्ही हातांनी चरवी धरून उभ्या होत्या. त्यांच्या बोटांच्या पेरांवर आणि नखांच्या कडेला मस होते. पुस्तकात चामखीळ म्हणतात त्याला आमच्याकडं मस म्हणतात. आठ-दहा असतील. गुराढोरांत वावरणाऱ्या निम्म्या गावाच्या हातांवर तसे मस होते.

मी म्हणालो, 'गया, तुझ्या हातावर मस हायेत. हे लागट असतात. दुधातनं दुसऱ्याला होतात. मस गेले की दूध आण, आमी घेतो.'

त्यांनी चरवी खाली ठेवली आणि हात पुढं धरून बघितले. तळवे बघितले, पाठ बघितली.

'व्हय की,' त्या म्हणाल्या. 'आजवर ध्यानातच आलं न्हाय बगा. बरं झालं दादा, सांगितलं.'

चरवी उचलून त्या गेल्या. मला हायसं वाटलं. खोटं कशाला बोलू, थोडा अभिमानही वाटला. आबांचं काम झालं होतं, बाईचा अपमान झाला नव्हता, आणि मी कुणाची जात काढली नव्हती. आपण कसं सभ्यपणे निभावलं, असं मला वाटलं होतं.

आठ-दहा दिवसांनी दूध घेणं संपत आलं असताना त्या आल्या आणि दोन्ही हात माझ्यापुढं धरले. कुणीतरी सांगितलं होतं की, मसाभोवती घोड्याच्या शेपटीचा केस बांधला की तो गळून पडतो. त्या जळकोटच्या बाजारात जाऊन एका टांगेवाल्याकडून केस मागून घेऊन आल्या होत्या. विमलनं एकेका मसाला गाठ मारली होती आणि रोज ती थोडी थोडी आवळली होती.

'बगा दादा, तीन गेले.'

'अजून सात हायेत.'

'त्यांना मान न्हाय. केस बसत न्हाय. दुसरं बगते कायतरी.'

त्यांनी दुसरं बघितलं. रुईचं पान तोडून त्याचा चीक एकेका मसावर लावला. मस पांढरे पडले, भोवतालची कातडी सोलून निघाली, आणि पंधरा दिवसांत मस परत तसेच उभे राहिले. कुणी चुना आणि धुण्याचा सोडा एकत्र करून लावायला सांगितला, तो लावला. एका म्हाताऱ्या बाईनं सांगितलं, वांगं कापून मसावर घास आणि उकिरड्यात पूर. वांगं कुजलं की मस गेले. तेही केलं. 'वांगं कुजलं दादा,' त्या मला म्हणाल्या, 'मस न्हाय कुजले. त्यापरीस भरीत तरी झालं असतं.' रांगेतले लोक हसले. मीही हसलो. त्या स्वतःही हसत होत्या. दर खेपेला त्या हात पुढं धरायच्या, मी मोजल्यासारखं करायचो आणि 'अजून हायेत' म्हणायचो.

त्यानंतर बाजारात बसणाऱ्या एका जडीबुटीवाल्यानं त्यांना बिब्बा सांगितला. बिब्बा तापवून त्याचं तेल सुईच्या टोकानं मसावर लावायचं. बिब्बा उतला तर काय होतं हे खेड्यातल्या माणसाला सांगावं लागत नाही. गयाबाईंनाही ते माहीत होतं. लावण्याआधी त्या मला सांगून गेल्या होत्या. 'बिब्ब्यानं हात जळंल,' एवढं मी म्हणालो होतो. त्यावर त्या म्हणाल्या, 'जळू द्या. जळल्याबिगर जात न्हाय.'

बिब्बा उतला. उजवा हात कोपरापर्यंत सुजला, फोड आले, ताप भरला. पंधरा दिवस त्यांना धार काढता आली नाही. विमल तेव्हा दहा-अकरा वर्षांची होती. ती धारेला बसली, पण म्हैस पान्हा सोडेना. कास दगडासारखी झाली. त्यात म्हशीचं एक सड कायमचं बसलं. हे सगळं मला डेअरीत कळलं. दूध घालायला आलेला एकजण सांगत होता, 'गवळनबाईनं हात भाजून घेतला की रं. डेअरीत दूध घालायची हौस.' मी त्याचं दूध मापलं, त्याला पावती दिली. ज्या हातानं त्यानं ती घेतली त्या हाताच्या अंगठ्यावर हरभऱ्याएवढा मस होता.

बौद्धवाडा डेअरीपासून फार तर दोनशे पावलांवर. मी बघायला गेलो नाही.

तीन आठवड्यांनी त्या आल्या. हाताला जुन्या लुगड्याची चिंधी बांधलेली. ती त्यांनी सोडली. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आत वळलं होतं. कातडी आक्रसून तशीच राहिली होती. आणि अंगठ्याजवळचे तीन-चार मस शाबूत होते. आबा त्या दिवशी सोलापूरला गेले होते. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. खरं सांगायला याहून सोपी वेळ मला पुन्हा मिळाली नाही. 'गयाबाई, मसाचं काही नाही, घरी जा आणि हाताला जपा' एवढंच म्हणायचं होतं.

मी म्हणालो, 'असले उपाय करू नको. उस्मानाबादला सरकारी दवाखान्यात जा. तिथं कातडीचा डॉक्टर असतो.'

त्या चिंधी पुन्हा गुंडाळता गुंडाळता म्हणाल्या, 'तुमी लई जीव लावता दादा.'

त्या दवाखान्यात गेल्या. पहाटे चालत जळकोट, तिथून एसटी. पहिल्याच खेपेला डॉक्टर त्यांच्यावर बिब्ब्यासाठी खूप रागावले. परत आल्यावर गयाबाईंनी मला सगळं सविस्तर सांगितलं. मस एका बारीक जंतूनं होतात. ते केसानं जात नाहीत आणि वांग्यानंही नाहीत. पुष्कळदा वर्ष-दोन वर्षांत आपले आपण जातात. दुखत नसतील तर काही न करताही चालतं. घालवायचेच असतील तर मलम आहे. हात गरम पाण्यात भिजवायचा, मऊ झालेली कातडी पाय घासायच्या वजरीनं हलकी घासायची, आणि मग फक्त मसावर मलम लावायचं. महिना-दोन महिने नेमानं करायचं. त्यातूनही राहिले तर सुई देऊन जागा बधिर करायची आणि यंत्रानं जाळून टाकायचे.

'आनि म्या त्यांना इचारलं,' त्या म्हणाल्या, 'डागदरसाब, हे दुधात उतरतंय का? तर हसले. म्हनले, बाई, दूध उकळून पित्यात ना? हात साबनानं धुवा, म्हस धुवा, झालं.'

हे सांगताना त्या माझ्याकडं बघत होत्या. मी लॅक्टोमीटर पुसायला घेतला. बराच वेळ पुसला.

तरीही त्या पुढं चार वेळा उस्मानाबादला गेल्या. मलम लावलं, वजरीनं घासलं. तीन मस उरले, ते जाळून घेतले. सुई टोचताना लई दुखतं, जाळताना काही कळत नाही, असं म्हणाल्या. जखमा भरल्यावर डॉक्टरांकडून चिठ्ठी लिहून घेतली: हातावर चामखीळ राहिलेली नाही, दुधाचं काम करायला हरकत नाही. खाली सही आणि शिक्का.

त्या सकाळी त्यांनी लेकीलाही बरोबर आणलं होतं. रांग मोठी होती. आबा खुर्चीवर बसले होते. पाळी आल्यावर गयाबाईंनी चरवी ओट्यावर ठेवली. याआधी त्यांनी ती कधी ओट्यावर ठेवली नव्हती. शेजारी चिठ्ठी ठेवली. मग हात पुढं केले. तळवे, मग पाठ. काळे-गुलाबी डाग, वळलेली दोन बोटं, आणि एकही मस नाही.

'बगा दादा.'

आबा म्हणाले, 'चिठ्ठ्या काय, कुनी बी आनतंय.'

गयाबाईंनी त्यांच्याकडं वळूनही बघितलं नाही. 'म्या आबास्नी इचारत न्हाय,' त्या म्हणाल्या. 'मस ह्या दादांनी दावले हुते. त्यांनी सांगावं, हायेत का गेले.'

मी चिठ्ठी वाचली. पुन्हा वाचली. त्या मागं वळल्या आणि रांगेतल्या पहिल्या माणसाला म्हणाल्या, 'भाऊ, तुमचा बी हात दावा बरं.' त्यानं हात उपरण्याखाली घेतला. त्याच्या मागच्यानं आपली किटली या हातातून त्या हातात केली. कुणीच हात दाखवला नाही.

'बोला की दादा.'

माझ्या हातात माप होतं. समोर कॅन होता. दूध चांगलं होतं, चिठ्ठी खरी होती, बाईचे हात स्वच्छ होते. आबा माझ्याकडं बघत होते, ती सगळी रांग माझ्याकडं बघत होती, आणि माझ्याजवळ काही कारण उरलं नव्हतं.

मी म्हणालो, 'आज कॅन भरलाय.'

कॅन निम्मासुद्धा भरला नव्हता. गयाबाई पुढं वाकल्या आणि त्यांनी कॅनात डोकावून बघितलं. रांगेतल्या प्रत्येकाला ते दिसलं.

'भरलाय व्हय?' त्या म्हणाल्या. मग चरवी उचलली, चिठ्ठीची घडी घालून कनवटीला लावली. त्यांचा आवाज चढला नाही. 'पयल्याच दिशी खरं सांगितलं असतंत, तर माजे हात तरी वाचले असते.'

विमल तिथंच उभी राहून माझ्याकडं बघत होती. गयाबाईंनी तिला हाताला धरून नेलं.

त्या पुन्हा कधी डेअरीवर आल्या नाहीत. रोज सकाळी दोन कोस चालत जळकोटला जायला लागल्या. हमरस्त्यावरच्या एका हॉटेलवाल्यानं त्यांचं दूध लावून घेतलं. त्यानं ना हात बघितले, ना गाव विचारलं. दूध तेवढं बघितलं. एसटीची वाट बघत आमच्या गावचे लोक त्याच हॉटेलात चहा प्यायचे. आबाही प्यायचे. चहा चांगला असतो म्हणायचे.

मी डेअरी सोडली असेल, असं वाचणाऱ्याला वाटेल. सोडली नाही. पुढं अकरा वर्षं मी त्याच ओट्यावर दूध मापलं. लग्न झालं, मुलं झाली, त्या पगारावर घर चाललं. नंतर आबा आणि त्यांचे चुलतभाऊ यांच्यात संस्थेवरून फाटलं, दोन पॅनेलं झाली, आणि भांडता भांडता संस्था बंद पडली. कॅन खोलीत गंजले. मला तालुक्याला दुसरी नोकरी मिळाली.

गयाबाई त्याच्या आधीच गावातून गेल्या होत्या. ऐंशीनंतरच्या दुष्काळात पुन्हा चारा उरला नाही. म्हैसही म्हातारी झाली होती. ती दारातच मेली, त्यांनी विकली नाही. उजव्या हाताच्या दोन बोटांत दम नव्हता. दुसरं जनावर घेऊन धार काढणं आता जमण्यासारखं नव्हतं. विमल तोवर नर्सचं शिकून परंड्याकडं सरकारी नोकरीला लागली होती. ती आईला घेऊन गेली. जाताना बौद्धवाड्यातल्या बायका फाट्यापर्यंत पोचवायला गेल्या. मी त्या दिवशी डेअरीच्या दारातून ते बघितलं. गयाबाईंच्या डोक्यावर एक बोचकं होतं आणि काखेत ती चरवी.

नोकरीतून सुटल्यावर मी परंड्याला गेलो. इतक्या वर्षांत एकदाही गेलो नव्हतो. किल्ल्याच्या बाजूला विमलताईंचं घर विचारत विचारत सापडलं. दार त्यांनीच उघडलं. केस पांढरे झालेले, डोळ्यांना चष्मा.

'तुम्ही डेअरीतले,' त्या म्हणाल्या.

आत बसलो. भिंतीवर गयाबाईंचा फोटो होता. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली होती, हे मला तेव्हा कळलं. मी सगळं सांगितलं. आबा काय म्हणाले, मसाची कल्पना कुणाची होती, सगळं. त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही.

'आईला ठाऊक होतं,' मी थांबल्यावर त्या म्हणाल्या. 'दवाखान्याच्या पहिल्या खेपेपासून.'

'मग त्या पुढं का जात राहिल्या? एवढं जाळून का घेतलं?'

'मीही हेच विचारलं होतं. तर म्हणाली, त्या पोराकडं एवढं एकच कारण हाय. ते बी काढून घिऊ. मंग बगू काय बोलतोय.'

मी म्हणालो, 'मी त्यांची माफी मागायला आलो होतो.'

'ती असती तर तिनं दिली असती की नाही, मला सांगता येणार नाही,' विमलताई म्हणाल्या. 'आणि मी माझी द्यायची म्हणाल, तर मला द्यायची नाही.'

त्या उठल्या, आत गेल्या. स्टोव्ह पेटल्याचा आवाज आला. थोड्या वेळानं त्यांनी कपबशी आणून माझ्यासमोर ठेवली आणि मी पिऊन होईपर्यंत दारात उभ्या राहिल्या. मी चहा प्यालो. कप खाली ठेवला. 'येतो' म्हणालो. त्यावर 'या' असं त्या म्हणाल्या नाहीत.

घरी आल्यावर बायकोनं विचारलं, 'परंड्याला काय काम होतं?'

मी म्हणालो, 'काही नाही. चहा पिऊन आलो.'